विषकन्या आणि परिव्राजिका : हेरकथांमधली स्त्री कशी बदलत गेली

 

या मालिकेत आपण बहुतेक वेळा युद्धं, सीमा आणि शस्त्रं यांच्याबद्दल बोलतो. आजचा विषय कथा-कादंबऱ्यांचा आणि सिनेमाचा आहे. हेरकथांमधल्या स्त्री पात्रांबद्दल बोलायचं आहे. एक निवृत्त फौजी असल्या विषयाकडे कसा वळला, असं काहींना वाटेल. कारण सांगतो. गुप्तवार्तेचं काम करणारी माणसं आपण प्रत्यक्षात कधी पाहत नाही. ती दिसू नयेत अशीच व्यवस्था असते. मग त्यांच्याबद्दलचं आपलं सगळं ज्ञान येतं कुठून? पुस्तकांतून आणि पडद्यावरून. तिथं जे चित्र दिसतं तेच आपल्या डोक्यात बसतं, आणि नोकरीत आल्यावरही ते सहजासहजी पुसलं जात नाही. ते चित्र चुकीचं असेल तर त्याची किंमत खरी माणसं मोजतात. ती कशी, ते शेवटी सांगतोच. आधी थोडं मागे जाऊ.

दोन जुन्या स्त्रिया

आपल्या परंपरेत हेर स्त्रीची दोन रूपं आहेत. पहिलं सगळ्यांना माहीत आहे, ते म्हणजे विषकन्या. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' नाटकात चंद्रगुप्ताला मारण्यासाठी विषकन्या पाठवली जाते, पण चाणक्याच्या डावामुळे तिच्याकडून पर्वतक मरतो. मौज अशी की ही विषकन्या रंगमंचावर येतच नाही. तिला नाव नाही, संवाद नाही. फक्त इतर पात्रं तिचा उल्लेख करतात. ती एक शस्त्र आहे. कोणी तरी ते उचललं आणि दुसऱ्या कोणी तरी त्याचं तोंड फिरवलं, एवढीच तिची गोष्ट.

दुसरं रूप फारसं कोणाला माहीत नसतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, पहिल्याच अधिकरणात, हेरांचे प्रकार सांगितले आहेत. त्यात 'परिव्राजिका' आहे. तिचं वर्णन वाचण्यासारखं आहे. ती गरीब आहे, विधवा आहे, तिला उपजीविका हवी आहे आणि ती प्रगल्भ म्हणजे धीट, बोलकी आहे. अंतःपुरात तिला मान आहे आणि त्यामुळे महामात्रांच्या, म्हणजे मोठ्या अधिकाऱ्यांच्या घरी तिची ये-जा आहे. तिच्या सौंदर्याबद्दल तिथं एक अक्षरही नाही.

फौजी भाषेत सांगायचं तर कौटिल्यानं तिची निवड 'ॲक्सेस'वर केली आहे. कोणत्या दारातून कोण आत जाऊ शकतं, कोणापुढे लोक मोकळेपणानं बोलतात आणि कोणाकडे कोणाचं लक्ष जात नाही, हे तीन प्रश्न गुप्तवार्तेत आजही पहिले विचारले जातात. परिव्राजिका या तिन्ही प्रश्नांचं उत्तर आहे.

या दोघींना लक्षात ठेवा. नाटककाराला विषकन्या हवी होती, कारण तिच्यात नाट्य आहे. राज्य चालवणाऱ्याला परिव्राजिका हवी होती, कारण तिच्याकडून बातमी येते. पुढच्या सगळ्या हेरकथांचा इतिहास या दोघींमधल्या ओढाताणीचा आहे, असं मला वाटतं.

माता हारीची सावली

आधुनिक हेरकथा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये वाढली. जॉन बकनची 'द थर्टी-नाइन स्टेप्स' 1915 साली आली. तिच्यात स्त्रीला जवळजवळ जागाच नाही. पुढे 1935 साली हिचकॉकनं त्यावर सिनेमा काढला तेव्हा त्याला नायिका बाहेरून आणून बसवावी लागली. बकनच्याच 'ग्रीनमँटल' या 1916 च्या कादंबरीत हिल्डा फॉन आयनेम नावाची जर्मन स्त्री येते. सुंदर, हुशार, पुरुषांना भुरळ घालणारी आणि अर्थातच शत्रूच्या बाजूची.

पुढच्याच वर्षी वास्तवानं या कल्पनेला एक चेहरा दिला. 15 ऑक्टोबर 1917 रोजी पॅरिसजवळ व्हॅन्सेनला माता हारीला गोळ्या घालून मृत्युदंड देण्यात आला. तिचं खरं नाव मार्गारेथा झेले, जन्म हॉलंडमधला. नवऱ्याबरोबर काही वर्षं जावा बेटावर राहिली आणि नंतर पॅरिसमध्ये आपण पूर्वेकडच्या मंदिरातलं पवित्र नृत्य करतो अशी थाप मारून तिनं नाव कमावलं. म्हणजे या कथेत आपल्या भारताचं नावही फुकट वापरलं गेलं. तिनं जर्मनांना नेमकी कोणती महत्त्वाची माहिती दिली, याचा भक्कम पुरावा खटल्यात नव्हता, असं आज बहुतेक इतिहासकार मानतात. पण 1917 हे साल फ्रान्सला फार जड गेलं होतं. आघाडीवर माणसं मरत होती, सैन्यात बंडाळी झाली होती. अपयशाचं खापर फोडायला कोणी तरी हवं होतं, आणि अनेक अधिकाऱ्यांशी संबंध असलेली परदेशी नर्तकी त्यासाठी सोयीची होती. 1931 साली ग्रेटा गार्बोनं तिची भूमिका केली आणि ती अजरामर झाली.

आता त्याच युद्धातली दुसरी स्त्री पाहा. लुईझ द बेतिन्यी. फ्रान्समधल्या लीलच्या परिसरात तिनं ब्रिटिशांसाठी सुमारे शंभर माणसांचं हेरजाळं उभं केलं. रेल्वेगाड्या, तोफांच्या जागा, सैन्याच्या हालचाली यांची माहिती तिची माणसं गोळा करून बाहेर पोचवत. 1915 मध्ये ती पकडली गेली आणि सप्टेंबर 1918 मध्ये, युद्ध संपायला दोन महिनेही उरले नसताना, जर्मन कैदेत तिचा मृत्यू झाला. कामाच्या मोजमापात माता हारी तिच्या जवळपासही येत नाही. पण माता हारीचं नाव आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं आणि लुईझचं नाव आज तुमच्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकलं असेल. विषकन्या जिंकली, परिव्राजिका हरली.

मॉमची एक गोष्ट

सगळेच लेखक या मोहात पडले असं मात्र नाही. सॉमरसेट मॉम पहिल्या महायुद्धात स्वतः ब्रिटिशांसाठी हेरगिरी करून आला होता. त्याचं 'ॲशेंडन' हे पुस्तक 1928 चं. त्यातली जुलिया लाझारी नावाच्या नर्तकीची गोष्ट प्रत्येक मराठी वाचकानं वाचावी, कारण तिच्यात शिकार एका भारतीयाची आहे. चंद्रा लाल हा ब्रिटिशांविरुद्ध लढणारा क्रांतिकारक तटस्थ स्वित्झर्लंडमध्ये असतो. त्याला सरहद्द ओलांडून फ्रान्सच्या हद्दीत आणायचं असतं, म्हणजे पकडता येईल. जुलियावर त्याचं प्रेम आहे. ब्रिटिश तिला तुरुंगाची भीती घालून त्याला पत्रं लिहायला लावतात. तो येतो, पकडला जातो आणि विष घेतो. सरोजिनी नायडूंचे बंधू वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्यावरून हे पात्र सुचलं असावं, असं अभ्यासक मानतात.

वरवर पाहिलं तर ही माता हारीचीच गोष्ट आहे. नर्तकी, प्रेम, सापळा. पण मॉमनं सापळा लावणारा हात दाखवला आहे. जुलिया रडते, विनवण्या करते, एकदा पळायचाही प्रयत्न करते. तिला यातलं काहीच करायचं नसतं. आणि तो मेल्यावर ती विचारते काय, तर तिनं त्याला भेट दिलेलं घड्याळ परत मिळेल का? बारा पौंडांचं होतं. वाचताना आधी राग येतो, मग लक्षात येतं की या बाईकडे आता तेवढंच उरलं आहे. विषकन्येला पहिल्यांदाच कोणी तरी पोट आणि भीती असलेला माणूस म्हणून पाहिलं.

बाँडच्या जगात

दुसऱ्या महायुद्धानंतर इयान फ्लेमिंग आला. तो ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात काम केलेला माणूस. त्याच्या पहिल्या कादंबरीत, 'कॅसिनो रोयाल' मध्ये, 1953 साली, व्हेस्पर लिंड येते. ती बाँडच्याच खात्यातली. कामगिरीवर बाई बरोबर दिली म्हणून बाँड सुरुवातीलाच वैतागतो. शेवटी कळतं की ती रशियनांसाठी काम करत होती, कारण तिचा प्रियकर त्यांच्या कैदेत होता. ती आत्महत्या करते.

गंमत पाहा, या एका पात्रात चांगल्या कादंबरीचं सगळं साहित्य होतं. दोन मालकांमध्ये अडकलेली, रोज खोटं बोलणारी, एकाला वाचवताना दुसऱ्याच्या प्रेमात पडलेली स्त्री. खरा गुप्तहेर तर तीच होती, बाँड पत्ते खेळत होता. पण गोष्ट बाँडच्या बाजूनं सांगितली गेली, म्हणून तिचा मृत्यू हा बाँडच्या मनावरचा एक ओरखडा होऊन राहिला. 1962 पासून सिनेमे सुरू झाले आणि मग तर साचाच पडला. एक बाई बाँडला भुलवणार, एक मरणार आणि एक शेवटी मिठीत असणार. मिस मनीपेनी ऑफिसात टाईपरायटरमागे बसून उसासे टाकणार.

आपल्याकडे तोच साचा लगेच आला. 1967 चा 'फर्ज', 1968 चा 'आँखें' हे त्या काळचे गाजलेले हिंदी हेरपट. कॅबरे नाचणारी शत्रूची हस्तक हे तर आपल्या सिनेमाचं ठरलेलं पात्र झालं. मराठीत गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर यांच्या रहस्यकथा आमच्या पिढीनं वाचनालयातून आणून, पाठ्यपुस्तकात लपवून वाचल्या. नाईकांच्या कॅप्टन दीपनं किती पोरांना फौजेची वाट दाखवली, याची गणती कोणी केलेली नाही, पण त्या गणतीत मी आहे. त्या पुस्तकांची मुखपृष्ठं आठवा. पिस्तूल आणि बाई, दोन्ही बहुधा एकाच आकाराचे असत.

ज्या खरंच गेल्या

फ्लेमिंग लिहीत होता त्याच्या दहा वर्षं आधी काय घडलं होतं, तेही पाहू. ब्रिटनच्या एसओई या संघटनेच्या फ्रान्स विभागानं जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये 39 स्त्रिया पाठवल्या होत्या. त्यातल्या 13 परत आल्या नाहीत.

त्या तेरा जणींमध्ये नूर इनायत खान होती. तिचे वडील इनायत खान यांचा जन्म बडोद्याचा. त्यांचे आजोबा मौलाबक्ष हे सयाजीराव महाराजांच्या दरबारातले नामांकित गवई. म्हणजे बडोद्याच्या मराठी दरबाराशी या घराचा धागा आहे, आणि दुसरा धागा थेट टिपू सुलतानापर्यंत जातो. नूर मुलांसाठी गोष्टी लिहायची. जातककथांचं तिचं पुस्तक 1939 साली निघालं. जून 1943 मध्ये ती वायरलेस ऑपरेटर म्हणून फ्रान्समध्ये उतरली. या कामासाठी व्याप्त फ्रान्समध्ये पाठवलेली ती पहिली स्त्री.

वायरलेसचं काम किती धोक्याचं, ते सिग्नल्सच्या कोणत्याही जवानाला विचारा. प्रत्येक वेळी सेट सुरू केला की तुम्ही शत्रूला आपला पत्ता सांगत असता. शत्रूच्या गाड्या दिशा शोधत गल्लीबोळात फिरत असतात. सेट पेटीत घालून रोज जागा बदलायची, एरियल टाकायची, मोजक्या मिनिटांत संदेश पाठवायचा आणि निघायचं. ती उतरल्यावर थोड्याच दिवसांत तिचं जाळं उद्ध्वस्त झालं. तिला परत बोलावण्याची तयारी होती. तिनं नकार दिला, कारण तिच्यामागे लंडनशी बोलायला कोणी उरलं नसतं. ऑक्टोबरमध्ये फितुरीनं पकडली गेली, कैदेत साखळदंडात राहिली आणि 13 सप्टेंबर 1944 रोजी डाखाउच्या छळछावणीत तिला मारण्यात आलं. 1949 साली तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला.

तिच्याच बरोबरीची व्हर्जिनिया हॉल ही अमेरिकन. एक पाय लाकडी. त्या पायामुळे तिला आपल्या देशाच्या राजनैतिक सेवेत घेतलं नव्हतं. तिनं लीऑनमध्ये जाळं चालवलं, हिवाळ्याच्या तोंडावर त्या पायानं पिरेनीज पर्वत ओलांडून निसटली आणि 1944 मध्ये म्हातारीचं सोंग घेऊन पुन्हा फ्रान्समध्ये गेली. बघा, इतक्या शतकांनंतर परिव्राजिकाच परत आली. लक्ष जाऊ नये म्हणून म्हातारी.

या कहाण्या उपलब्ध असताना लोकप्रिय कथेनं बिकिनीतली नायिका का निवडली? माझं मत असं की नूरची गोष्ट वाचकाला अपराधी करते. तिला पाठवलं कोणी, पुरेशी तयारी होती का, धोका दिसत असताना यंत्रणेनं काय केलं, हे प्रश्न उभे राहतात. बाँडच्या नायिकेबद्दल असला एकही प्रश्न पडत नाही.

प्रश्न विचारणारे लेखक

हे प्रश्न जॉन ल कारेनं विचारले. तोही आधी गुप्तचर सेवेतला. 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' 1963 सालची. तिच्यातली लिझ गोल्ड ही ग्रंथालयात काम करणारी साधी मुलगी. तिचं प्रेम आणि तिचा भाबडेपणा तिच्याच देशाची यंत्रणा तिला न सांगता वापरते आणि शेवटी ती बर्लिनच्या भिंतीवर मारली जाते. 1974 च्या 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' मध्ये कॉनी सॅक्स आहे. वय झालेली, संधिवातानं वाकलेली, पण हजारो फायली डोक्यात असलेली संशोधक. एका रशियन माणसाबद्दलचा तिचा संशय बरोबर असतो आणि त्यासाठीच तिला घरी बसवलं जातं. 1983 च्या 'द लिटल ड्रमर गर्ल' मध्ये तर चार्ली ही अभिनेत्रीच नायिका आहे. इस्रायली यंत्रणा तिला पॅलेस्टिनी गटात शिरवते. कामगिरी फत्ते होते आणि माणूस मोडून पडतो.

कॉनी सॅक्स ही नुसती कल्पना नव्हती, हे 1994 मध्ये जगाला कळलं. अमेरिकेच्या सीआयएमधला सर्वांत घातक फितूर ऑल्ड्रिच एम्स त्या वर्षी पकडला गेला. त्याचा माग काढणाऱ्या छोट्या गटात जीन व्हर्टफी आणि सँड्रा ग्राइम्स या दोन ज्येष्ठ स्त्रिया होत्या. त्यांनी कोणाचा पाठलाग केला नाही. फायली, तारखा, कोण कोणाला कधी भेटलं आणि बँकेत पैसे कधी जमा झाले, हे शेजारी शेजारी मांडून पाहिलं. गुप्तवार्तेचं निम्म्याहून जास्त काम असंच असतं, कंटाळवाणं आणि चिकाटीचं.

दरम्यान स्टेला रिमिंग्टन यांची कहाणी घडली, आणि तिची सुरुवात आपल्या दिल्लीत आहे. नवरा ब्रिटिश उच्चायोगात होता. 1967 साली तिथं त्यांना एमआय5 साठी अर्धवेळ टायपिंगचं काम मिळालं. म्हणजे मिस मनीपेनीची खुर्ची. 1992 साली त्या एमआय5 च्या पहिल्या महिला प्रमुख झाल्या. 1995 च्या 'गोल्डनआय' मध्ये जूडी डेंचनं बाँडची वरिष्ठ 'एम' ही भूमिका केली आणि पहिल्याच भेटीत त्याच्या जुनाट वागण्याबद्दल त्याची हजेरी घेतली. निवृत्तीनंतर रिमिंग्टन यांनी स्वतःच हेरकादंबऱ्या लिहिल्या आणि नायिका घेतली लिझ कार्लाइल, एमआय5 ची अधिकारी. बाँडचं खातं म्हणजे एमआय6. तिथं प्रत्यक्षात पहिली महिला प्रमुख, ब्लेझ मेट्रेवेली, ऑक्टोबर 2025 मध्ये आली. इथं सिनेमा वास्तवाच्या तीस वर्षं पुढे होता, हेही मान्य केलं पाहिजे.

आपल्याकडे काय बदललं

आपल्याकडचा बदल मला तीन सिनेमांत दिसतो. 2017 चा 'नाम शबाना'. त्यात भरती होण्यापासून प्रशिक्षणापर्यंतची वाट नायिकेची आहे. 2018 चा 'राझी', नौदलातून निवृत्त झालेल्या हरिंदर सिक्कांच्या 'कॉलिंग सेहमत' या 2008 च्या कादंबरीवरचा. सेहमत लग्न करून पाकिस्तानी लष्करी अधिकाऱ्याच्या घरात जाते. तिचा ॲक्सेस काय, तर सून असणं. स्वयंपाकघर, दिवाणखाना, सासऱ्यांची खोली. जी माणसं तिला जीव लावतात तीच तिच्या हातून जातात. मेघना गुलजार यांनी देशभक्ती कुठेही कमी केलेली नाही, पण बिलही लपवलेलं नाही. आणि तिसरा 2023 चा 'खुफिया', रॉमधून निवृत्त झालेल्या अमर भूषण यांच्या 'एस्केप टू नोव्हेअर' या कादंबरीवरचा. पुस्तकात शोधमोहिमेच्या प्रमुखपदी पुरुष आहे. विशाल भारद्वाज यांनी तिथं तब्बूला बसवलं, आणि ती काय करते? पाळत ठेवते, वाट पाहते, घरी मुलाला वेळ देता येत नाही म्हणून कुढते. कोणी तरी खरी नोकरी दाखवली.

उलट, 'एक था टायगर'पासूनच्या मोठ्या सिनेमांत नायिका बाँडच्या बरोबरीनं मारामारी करते. याचं स्वागत आहे, पण मला त्यात अर्धाच बदल दिसतो. विषकन्येच्या हातात विषाऐवजी बंदूक दिली म्हणून ती परिव्राजिका होत नाही. ज्या खोलीत शिरताना सगळे वळून पाहतात त्या खोलीत हेरगिरी होत नसते, मग शिरणारी स्त्री असो की सलमान खान.

यात आपलं काय जातं?

आता सुरुवातीला म्हटलं होतं त्या किमतीकडे येतो.

पहिली किंमत सुरक्षेची. सेवेत असताना जवानांना हनी ट्रॅपबद्दल समजावून सांगणं हे माझ्या कामात अनेकदा आलं. विषय काढला की मागच्या रांगेत खसखस पिकायची. प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर सिनेमातली बाई असायची, आणि असली बाई आपल्या गावात किंवा पोस्टवर आली तर आपण ओळखणारच, ही खात्री. एका जुन्या सुभेदार साहेबांनी मात्र मुद्दा बरोबर पकडला. असली बाई आली तर सगळं गाव बघेल, मग ती हेर कसली, असं ते म्हणाले. आजचा सापळा फोनवर येतो. साधा फोटो, साधं नाव, तब्येतीची चौकशी, भावाच्या भरतीबद्दल प्रश्न, मग युनिट कुठे आहे याची सहज विचारपूस. पलीकडे टाईप करणारी व्यक्ती स्त्री असेलच असंही नाही. ज्याच्या डोक्यात माता हारी आहे तो या साध्या माणसाला ओळखणार नाही.

तोच साचा उलट्या दिशेनंही फसवतो. शीतयुद्धात पूर्व जर्मनीच्या मार्कुस वुल्फनं देखण्या, सुशिक्षित पुरुषांना पश्चिम जर्मनीत पाठवलं. त्यांचं लक्ष्य होतं बॉनच्या सरकारी कार्यालयांतल्या एकट्या राहणाऱ्या स्त्री सेक्रेटरी. म्हणजे इतिहासातली सर्वांत पद्धतशीर हनी ट्रॅप पुरुषांनी लावली होती. तसंच, मेलिटा नॉरवुड ही ब्रिटनमधली सेक्रेटरी जवळजवळ चाळीस वर्षं रशियनांना गुपितं देत राहिली. 1999 मध्ये ते जाहीर झालं तेव्हा ती 87 वर्षांची आजी होती. टाईपरायटरमागच्या बाईकडे कोणी पाहिलंच नाही, कारण सगळे माता हारी शोधत होते.

दुसरी किंमत आमच्या मुलींची. मी 1984 साली कमिशन घेतलं तेव्हा वैद्यकीय आणि परिचर्या सेवा सोडल्या तर सैन्यात स्त्री अधिकारी नव्हत्या. 1992 पासून त्या येऊ लागल्या. कायम कमिशनसाठी त्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं आणि फेब्रुवारी 2020 मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. त्या खटल्यात एक युक्तिवाद असा होता की ग्रामीण भागातून आलेल्या जवानांची मानसिकता स्त्रीचं नेतृत्व स्वीकारायला तयार नाही. न्यायालयानं तो फेटाळला. मानसिकता आभाळातून पडत नाही. ती ऐकलेल्या गोष्टींतून बनते. ज्या मुलानं लहानपणापासून गोष्टीत स्त्रीला एक तर भुलवताना किंवा मरताना पाहिलं, त्याला तिच्याकडून ऑर्डर घेताना अवघड जातं. ज्यानं तिला नकाशासमोर उभं राहून निर्णय घेताना पाहिलं, त्याला जात नाही.

तिसरी किंमत त्या स्त्रियांची, ज्यांची नावं कधीच बाहेर येणार नाहीत. त्यांच्या आठवणीवर अशा चित्राची सावली पडू नये, एवढं तरी आपण त्यांचं देणं लागतो.

पुढची हेरकथा पाहाल तेव्हा

जाता जाता एक साधी कसोटी देतो. पुढच्या वेळी हेरकथा वाचाल किंवा पाहाल तेव्हा तिच्यातल्या स्त्रीबद्दल तीन प्रश्न विचारा. एक, तिचं नेमकं काम काय आहे? दोन, तिचे निर्णय कोण घेतं, ती स्वतः की दुसरा कोणी? आणि तीन, कामगिरी संपल्यावर तिचं काय झालं, याची कथेला काळजी आहे का? विषकन्येला तिन्ही प्रश्नांचं उत्तर नाही. व्हेस्परला पहिल्याचं अर्धं आहे. सेहमतला तिन्हींची आहेत, आणि तिसरं उत्तर ऐकवत नाही.

घरात तरुण मुलं-मुली असतील तर त्यांना बाँड जरूर दाखवा, मजा येते. पण त्याच आठवड्यात नूर इनायत खानची गोष्टही सांगा. बडोद्याशी नाळ असलेली ती मुलगी मुलांसाठी गोष्टी लिहीत होती आणि वेळ आली तेव्हा वायरलेस सेट उचलून निघाली, हे आपल्या पोरांना माहीत असायला हवं.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.